सैतानाशी करार, देवाला नवस

सैतानाशी करार म्हटला की पुष्कळांना डॉक्टर फौस्टची आठवण होईल. १५८७ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी योहान श्पीस नावाच्या मुद्रकाने त्याची कथा छापली. २४ वर्षे सैतानाने चाकरी करायची आणि मुदत संपली की फौस्टला घेऊन जायचे. दस्तऐवजावर सही रक्ताची. हीच कथा पुढे मार्लोने आणि गटेने रंगभूमीवर नेली. परंतु आज मला बोलायचे आहे ते नाटकातल्या नव्हे, तर खेळातल्या कराराविषयी. नाटकात सही फौस्ट करतो आणि आपण खुर्चीत बसून पाहतो. खेळात सही आपल्याला करावी लागते.

हा खेळ कोणता? १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या मागोमाग त्या जातीचे कितीतरी खेळ निघाले. चार-पाच मित्र मेजाभोवती बसतात. एकजण योद्धा होतो, एकजण जादूगार, एकजण चोर. पात्र काय करणार ते खेळाडूने तोंडाने सांगायचे. जमले की फसले हे पुष्कळदा फासे ठरवतात. एक गडी मात्र वेगळा. त्याला आपण सूत्रधार म्हणू. राजा तोच, वाटेवरचा भिकारी तोच, देव तोच आणि सैतानही तोच! म्हणजे पाहा, तुम्ही सैतानाशी सौदा करता तेव्हा समोर बसलेला असतो तुमचाच मित्र, मघाशी ज्याने तुम्हाला चहा दिला तो. या सौद्याची सगळी गंमत आणि सगळा धोका इथेच आहे.

आधी देवाची बाजू पाहू. या खेळांतले देव हिशेबाला फार चोख. १९७८ सालच्या नियमपुस्तकात पॅलाडिन नावाचा धर्मवीर आहे. त्याने आपल्या मिळकतीचा दहावा हिस्सा दान द्यायचा. आणि जाणूनबुजून एक जरी दुष्कृत्य केले, तरी त्याचे धर्मवीरपण कायमचे गेले. पुढल्या वर्षीच्या सूत्रधाराच्या पुस्तकात पुरोहिताची व्यवस्था सांगितली आहे. पहिल्या पायऱ्यांचे मंत्र त्याला स्वतःच्या साधनेने मिळतात, मधले देवाच्या सेवकांकडून, आणि अगदी वरचे खुद्द देवाकडून. थेट कचेरीसारखा मामला! शिपाई, कारकून, मग साहेब. साहेबापर्यंत जायचे तर मागचा कागद स्वच्छ हवा.

१९७८ सालीच आलेल्या 'रूनक्वेस्ट' या खेळात तर किंमत अधिकच खरी आहे. तिथे दैवी मंत्र हवा असेल तर पात्राने आपल्या आत्मबळाचे गुण देवाला कायमचे अर्पण करायचे. पात्राच्या कागदावरचा आकडा खेळाडूने स्वतःच्या हाताने खोडून कमी लिहायचा. मला ही योजना फार आवडते. नवस बोलणे सोपे, फेडताना हात आखडतो, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. इथे फेड आधी आणि प्रसाद मागून, एवढाच काय तो फरक.

सैतानाच्या बाजूला मात्र अलीकडे थोडी सैल कारभारी आली आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ सालच्या आवृत्तीत वॉरलॉक हे पात्र आहे. कोणा थोर शक्तीशी करार करून त्याने विद्या मिळवलेली असते, आणि ती शक्ती नरकातलीही असू शकते. मिळणाऱ्या विद्येचे नियम पानेच्या पाने छापले आहेत. परतफेडीचे काय? ते खेळाडूने आणि सूत्रधाराने आपसांत ठरवावे! आता आपसांत ठरवायचे म्हटले की ते राहूनच जायचे. सूत्रधाराला भीड पडते, वॉरलॉक आग ओकत फिरतो, आणि धनको काही दारात येत नाही. याला करार कसला म्हणायचे? ही न मागितलेली उधारी झाली.

पण याच खेळातला एक सौदा मला विलक्षण वाटतो. २०१९ साली नरकाच्या पहिल्या थराची, अव्हर्नसची, एक साहसकथा निघाली. एल्टुरेल नावाच्या नगराच्या कारभाऱ्याने नगर वाचवावे म्हणून झॅरिएल या नरकाधिपतीशी करार केलेला असतो. नगरावर रात्रंदिवस तळपणारा दुसरा सूर्य येतो, भुतेखेते पळतात, लोक त्या सूर्याला हात जोडतात. ५० वर्षांची मुदत भरते, आणि सबंध नगर नरकात ओढले जाते. नगराच्या रक्षणाची शपथ घेतलेले वीरही त्या कलमात बांधले गेले. सही एकाची आणि फेड हजारोंची. फौस्टने निदान आपलाच आत्मा गहाण टाकला होता हो!

आपल्या पुराणांतही वर आहेत आणि वरांतल्या पळवाटा आहेत. परंतु तिथे मसुदा असुर करतो. दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, असे हिरण्यकशिपू वकिलासारखे मागतो. आणि फट शोधतो तो देव. फौस्टच्या मुलखात मसुदा सैतानाचा आणि फसतो माणूस. या खेळांनी ही दुसरी परंपरा घेतली. सूत्रधाराला मसुदा करण्याची खुमखुमी असतेच.

मध्यंतरी, १९८० नंतरच्या दशकात, अमेरिकेतल्या काही धार्मिक मंडळींनी या खेळाने मुले सैतानाच्या नादी लागतात अशी ओरड केली. १९८९ सालच्या आवृत्तीतून सैतान गाळण्यात आले आणि पुढे दोनच वर्षांत 'बाटेझू' असे नाव घेऊन परतले. नावाने व्याजाचा दर काही बदलला नाही.

माझ्या मते आक्षेप घ्यायचाच तर तो सैतानाच्या नावावर नको, सूत्रधाराच्या लबाडीवर हवा. तीन महिने खपून वाढवलेले पात्र एखाद्या न वाचलेल्या कलमापायी सूत्रधाराने हिरावून घेतले, तर तो गडी खेळातल्या सैतानावर नाही, मित्रावर चिडतो. आणि त्याचे चुकते असे मला वाटत नाही. म्हणून जाणता सूत्रधार कराराचा कागद खरोखर लिहून आणतो, मेजावर ठेवतो, सावकाश वाचू देतो. हवे तर एखादे कलम खोडायला पेन्सिलही पुढे करतो. किंमत जबर असावी, पण डोळ्यांसमोर असावी. आणि ती ठरल्या दिवशी भीड न धरता वसूल व्हावी.

खेळाडू 'नको' म्हणाला तर? म्हणू द्यावे. सूत्रधाराने सैतानाला नम्रपणे नमस्कार करायला लावून बाहेर काढावे. कागद मात्र फाडू नये. पुढे कधीतरी गुहेच्या तळाशी, पुरोहिताचे मंत्र संपलेले आहेत, सोबती शेवटच्या घटका मोजतो आहे, अशा वेळी तोच पाहुणा तोच कागद घेऊन पुन्हा येईल. एखादे कलम तेवढे वाढलेले असेल.