थंडीतली काकडी



मंडळाच्या वर्धापनदिनी परसातल्या भाजीबद्दल चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. विषय लहान आहे, पण तो आपल्या हातातला आहे.

आपला जिल्हा धानाचा. धान घरी आले की पुष्कळ बांध्या रिकाम्या पडतात आणि घरचा पुरुष कामासाठी नागपूर-रायपूरकडे जातो. मागे उरते ती घरामागची वाडी. तीत आपण काकडी लावतो, पण थंडी सरल्यावर. मग सगळ्यांची काकडी एकदमच निघते आणि टोपली मिळेल त्या भावाला द्यावी लागते. खरी मागणी महाशिवरात्रीच्या उपवासाला असते. प्रतापगडला यात्रा भरते, तेव्हा गावची काकडी अजून वेलावरही नसते.

याचे कारण थंडी. डिसेंबर-जानेवारीत इकडचा पारा कित्येक रात्री १० अंशांच्या खाली जातो. काकडीच्या बीला मात्र निदान १८-२० अंशांची ऊब लागते. गार, ओल्या मातीत बी उगवण्याऐवजी कुजते. म्हणून वाफ्याला पांघरूण घालायचे.

तीन फूट रुंद व वीस फूट लांब वाफा घ्यावा. साडेसहा फुटांच्या सात बांबूच्या कामट्या कमानीसारख्या वाकवून त्यांची टोके मातीत रोवावी. त्यांवर सात फूट पन्ह्याचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून कडा मातीने दाबाव्या. दिवसा ऊन आत शिरून माती तापते, आणि रात्री ती ऊब लवकर उडून जात नाही. बी रात्रभर भिजवून डिसेंबरच्या सुरुवातीस शेणखत घातलेल्या लहान पिशव्यांत लावावे व पिशव्या कागदाखालीच ठेवाव्या. दोन-तीन पाने आली की पिशवी फाडून मातीच्या गोळ्यासकट रोप वाफ्यात लावावे. काकडीच्या मुळांना धक्का सोसत नाही.

ही युक्ती आपलीच नव्हे. अमेरिकेत केंटकी विद्यापीठाच्या एमर्ट नावाच्या प्राध्यापकांनी १९४८ साली महाग काचेऐवजी प्लास्टिकचे रोपघर उभारले. आज अमेरिकेत व स्पेनमध्ये माणूस उभा चालेल एवढ्या उंच बोगद्यांत ब्लूबेरी नावाचे निळे, बोराहून लहान फळ पिकवतात, ते बाजारात आधी पोचावे म्हणून. त्या झाडाला आंबट माती लागते, आपले ते काम नव्हे. पण तेथेही फुलोऱ्यात भुंग्यांची पेटी आत ठेवावी लागते. आपल्या काकडीचेही तसेच. मागे इवलीशी काकडी असलेले मादी फूल दिसू लागले की सकाळी कागद काढावा, म्हणजे मधमाशी येईल. ती आली नाही तर फळ धरत नाही.

मी गेल्या थंडीत एक वाफा झाकला, एक उघडा ठेवला. झाकलेल्याची काकडी तीन आठवडे आधी आली.

आता अडचणीचे बोलते. ऊन चढले की कागदाच्या कडा उचलाव्या लागतात, नाहीतर रोपे आत उकडून जातात. चार वाजता त्या पुन्हा दाबाव्या लागतात. मी घरी असते, मला हे जमते. जी बाई सकाळी मजुरीला जाऊन दिवेलागणीला परतते, तिला कसे जमावे? आणि चार पैशांची गरज तर तिलाच अधिक.

म्हणून माझी सूचना अशी की मंडळाने एकच मोठा कागद घेऊन वाटून द्यावा आणि मजुरीला जाणाऱ्या प्रत्येकीच्या वाफ्याची उघडझाक घरी असणाऱ्या शेजारणीने करावी. काकडीचे पैसे मात्र जिचा वाफा तिच्याच हाती पडावे. हंगाम संपल्यावर कागद धुऊन सावलीत ठेवावा, चुलीत घालू नये.

येत्या कार्तिकाआधी निर्णय व्हावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.