धानाच्या बांधीतली आई आणि अंगणवाडीची वेळ

(शारदीय व्याख्यानमालेत गोंदिया येथे दिलेले व्याख्यान)



रोवणी उरकलेली आहे आणि हलके धान अद्याप कापणीला आलेले नाही, अशा या थोड्या उसंतीच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातील कष्टकरी स्त्रीविषयी बोलावे हे मला उचित वाटते, कारण ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांतील काही जणी तरी आज या सभागृहात येऊन बसू शकल्या आहेत. माझा विषय असा की, आईबाप कामावर असतात त्या वेळात सहा वर्षांखालील मुलाचा सांभाळ शासनाच्या खर्चाने किती तास व्हावा, आणि ते तास कोणाच्या दिवसाला अनुसरून ठरवावेत.

आषाढ-श्रावणात अर्जुनी मोरगावपासून आमगावपर्यंत कोणत्याही गावच्या शिवारात उभे राहा. गुडघाभर चिखलात बायांची ओळ कमरेत वाकून पऱ्हे रोवीत मागे मागे सरकत असते. धुऱ्यावर काळ्या छत्रीच्या आडोशाला, पोत्यावर अंथरलेल्या लुगड्यात एक तान्हे मूल निजवलेले असते. आणि त्याच्या अंगावरच्या माशा हाकलीत पाच-सहा वर्षांची त्याची बहीण बसलेली असते. पलीकडे पावसाने तुडुंब भरलेली बोडी असते, आणि धुऱ्याच्या गवतात साप असणे ही तर या दिवसांत नित्याची गोष्ट. रोवणी बहुधा हुंड्याने घेतलेली असल्यामुळे एकरामागे ठरलेला मोबदला साऱ्या टोळीत वाटला जायचा असतो. म्हणून रडणाऱ्या मुलाला पाजायला जी बाई ओळ सोडून धुऱ्यावर जाते, तिच्या वाट्याची ओळ मागे राहते, सोबतिणींना ती भरून काढावी लागते, आणि त्या काही बोलल्या नाहीत तरी तिला ते लागतेच. अंगणवाडी असते ती गावात, एक-दीड कोसावर. ती दुपारी बंद होते, आणि बाई बांधीतून निघते ती दिवस कलल्यावर.

रोवणीचे दिवस मोजके असतात असे कोणी म्हणेल. परंतु त्यांच्या आधी मोहफुले वेचण्याचे दिवस येतात, मग तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, आणि या दोन्ही कामांना बाया पहाटेच्या अंधारात जंगलाची वाट धरतात, जेव्हा कोणत्याही सरकारी इमारतीचे कुलूप उघडलेले नसते. आणि विडीला तर हंगामच नाही. तेंदूपत्ता आणि विडी यांवर या भागातील कित्येक घरांची चूल पेटली. त्या घरांत आई भिंतीला टेकून मांडीवर सूप घेते, सुपात कातरलेली पाने आणि जर्दा असतो, आणि त्याच मांडीला बिलगून मूल झोपलेले असते. जर्द्याची भुकटी त्याच्या श्वासात जाते हे तिला ठाऊक असते. परंतु हजाराच्या हिशेबाने मजुरी मिळते, आणि मूल दुसरीकडे ठेवावे तर ठेवायचे कोठे?

या प्रश्नाकडे कायद्याने अगदीच डोळेझाक केली असे मात्र म्हणता येणार नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात पाळणाघराची तरतूद आली. ती प्रथम पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यांना लागू होती, आणि १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीसवर आणली गेली. १९६६ च्या विडी कामगारांच्या कायद्यानेही पाळणाघराचा हुकूम दिला, परंतु तो कारखान्याच्या जागेपुरता होता; घरी विड्या वळणारी बाई त्या कलमाच्या कक्षेबाहेरच राहिली, आणि बहुसंख्य बाया तर घरीच वळीत होत्या. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने कामावर आलेल्या स्त्रियांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईची नेमणूक करावी आणि तिला मजुरीच्या दरानेच मोबदला द्यावा असे सांगितले. आपल्याकडे माजी मालगुजारी तलावांच्या खोलीकरणाची कामे रोजगार हमीतून निघाली. त्या कामांवरील हजेरीपटात मुले सांभाळणाऱ्या बाईचे नाव क्वचितच आढळावे, हे कामावर गेलेल्या बायांनाच विचारून पाहा. मुले मात्र असतात. मातीच्या ढिगाआड, बाभळीच्या सावलीत असतात.

आता मला थोडे मागे जाऊन कोसबाडकडे वळले पाहिजे, कारण या प्रश्नाचा सर्वांत सखोल विचार महाराष्ट्रात तेथे झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र स्थापन केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या, आणि पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. बालवाडी उघडली म्हणजे आदिवासी मुले येतील ही अपेक्षा फळाला येईना, तेव्हा मुले येत नसतील तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे असा निर्णय ताराबाईंनी घेतला, आणि त्यातून अंगणवाडीची कल्पना उदयाला आली. परंतु त्या तेथेच थांबल्या नाहीत. थोरली मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. आणि मग पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ त्यांनी उभी केली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. म्हणजे कष्टकरी कुटुंबाचा दिवस जसा जातो तसा तो प्रथम पाहायचा आणि संस्थेची वेळ त्याला जुळवून घ्यायची, हे त्यांच्या कार्याचे सूत्र होते. धुऱ्यावर माशा हाकलीत बसलेली जी मुलगी मी मघाशी वर्णिली, तिला ताराबाईंनी तेव्हाच पाहिले होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिने अंगणवाडी हे नाव घेतले आणि तिचा विस्तार अपूर्व केला. आज देशभर सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि वजनाची नोंद ही तिची कामे अमोल आहेत, त्यांना उणे लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु पाळणाघर या विस्तारात मागे राहिले. तीन ते सहा वर्षांचे मूल अंगणवाडीत चार-पाच तास बसते. तीन वर्षांखालील मुलाच्या वाट्याला घरी न्यायचे आहाराचे पाकीट येते, पण वेळ येत नाही. आणि ज्या वयात मुलाला एक क्षणही एकटे सोडता येत नाही ते वय तर हेच.

ही उणीव शासनाला अज्ञात आहे असेही नाही. २०२२ पासून ‘मिशन शक्ती’च्या अंतर्गत ‘पाळणा’ योजना आली असून तिच्यात सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी महिन्यातून २६ दिवस, रोज साडेसात तास पाळणाघर चालवण्याची, एका पाळणाघरात पंचवीसपर्यंत मुले घेण्याची, आणि त्यासाठी स्वतंत्र सेविका व मदतनीस नेमण्याची तजवीज आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडावे हा तिचा मार्ग मला योग्य वाटतो. परंतु देशभरासाठी अशा १७,००० केंद्रांचे उद्दिष्ट ठेवले गेले, आणि अंगणवाड्या चौदा लाख आहेत. या प्रमाणात एखाद्या आडगावातील बाईची पाळी कधी येणार?

याउलट इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२५ पासून, आईवडील दोघेही कमावते असल्यास, मूल नऊ महिन्यांचे झाले की ते शाळेत जाईपर्यंत त्याच्या सांभाळासाठी आठवड्याला ३० तास, वर्षातील ३८ आठवडे, शासकीय खर्चाने मिळतात. तेथेही उरलेल्या १४ आठवड्यांचे काय करायचे हा प्रश्न आईबापांपुढे उभा राहतोच. तरीही तास हे परिमाण तेथे कुटुंबाच्या नावे लिहिले गेले आहे, आणि ते मागता येते. आपल्याकडे वि. स. पागे यांच्या चिंतनातून साकारलेल्या रोजगार हमीने १९७७ च्या कायद्यान्वये मजुराला काम मागण्याचा हक्क दिला, मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास भत्ता देण्याचे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले. ज्या राज्याने हे एवढे मोठे पाऊल देशाच्या आधी टाकले, त्याच राज्यात त्या मजूर स्त्रीच्या मुलाचा सांभाळ अद्याप मंजुरीच्या आणि अनुदानाच्या कृपेवर अवलंबून असावा, याची मला खंत वाटते.

दूर इंग्लंडचे सोडा. आपल्या गोंदियावरून जो लोहमार्ग पूर्वेला जातो त्याच मार्गावर बिलासपूर आहे, आणि बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने आसपासच्या वनग्रामांत ‘फुलवारी’ नावाची पाळणाघरे चालवली आहेत. तीन वर्षांखालची मुले, गावातीलच बाया सांभाळणाऱ्या, शिजवलेला खाऊ, आणि आईबाप शेतावर किंवा जंगलात असतील तोवर उघडे असलेले दार, अशी त्यांची साधी रचना आहे. तेथेही आपल्यासारखीच धानाची शेती आहे, तोच मोह आणि तोच तेंदू आहे.

घरात आजी असताना पाळणाघराची काय गरज, असे पुष्कळदा विचारले जाते. आपल्या गावांतील आजीही रोवणीला जाते; आणि जी जात नाही ती बहुधा स्वतःच आजारी असते. दुसरी शंका अधिक महत्त्वाची आहे. अंगणवाडीची वेळ वाढवली तर तो भार सेविकाताईंवर पडणार, आणि त्या आधीच मानधनावर राबून नोंदवह्या, मोबाइलमधील माहिती, वजन, गृहभेटी असे सारे ओझे वाहत आहेत; तेव्हा तेवढ्याच मानधनात अधिक तास मागणे हा एका कष्टकरी स्त्रीचा भार दुसरीच्या डोक्यावर ठेवण्याचा प्रकार होईल, आणि तो मला मान्य नाही. वाढीव तासांसाठी वेगळी बाई, वेगळा मोबदला आणि तोही वेळेवर, हे प्रथम ठरले पाहिजे.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी असा शिरस्ता आहे. ती रक्कम लहान असते आणि पुष्कळदा एखाद्या वस्तूच्या खरेदीत संपून जाते. तीच रक्कम रोवणीच्या आणि तेंदूच्या दिवसांपुरती, तीन वर्षांखालील मुले सांभाळणाऱ्या दोन बायांच्या मोबदल्याकडे वळवावी. जागा अंगणवाडीची किंवा समाजमंदिराची घ्यावी. आणि पाळणा योजनेची लेखी मागणी त्याच ठरावाने एकात्मिक बालविकास प्रकल्प कार्यालयाकडे पाठवावी. ठरावापूर्वी पोलीस पाटलांनी किंवा सरपंचांनी घरोघर विचारून यादी करावी: कोणत्या घरातील आईबाप दोघेही कामाला जातात, किती वाजता निघतात, किती वाजता परततात, आणि मूल किती महिन्यांचे आहे. ठरावात ‘पाळणाघर सुरू करावे’ एवढेच न लिहिता वेळ लिहावी. तेंदूच्या दिवसांत पहाटे चारपासून, रोवणीच्या दिवसांत सकाळी आठपासून दिवस मावळेपर्यंत. आणि ही वेळ ग्रामसभेत बायांनीच सांगावी, मग ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ती जशीच्या तशी लिहून घ्यावी.