नाते आणि सारखेपणा

(मंडळाच्या व्याख्यानमालेत कोलकाता येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कलाशाखेचा पदवीधर. आयुष्य सरकारी फायलींत गेले. माशांविषयी बोलण्याचा माझा अधिकार इतकाच की, नोकरीने मला या शहरात आणले आणि येथे मासा टाळून राहणे शक्य नाही. प्राणिशास्त्र जाणणाऱ्या एका वयोवृद्ध शेजाऱ्यांनी एकदा आमच्याच घरच्या उकडलेल्या रोहूच्या डोक्यामागून सुईने काही चिमुकली हाडे काढून दाखविली. तेव्हापासून हा नाद लागला.

ही हाडे पहिल्या काही मणक्यांच्या भागांपासून घडलेली असतात. पाण्यातून आलेला कंप माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीला बसतो आणि हाडांची ही साखळी तो आतल्या कानापर्यंत पोचविते. वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८२० साली तिचे वर्णन केले. ही आपल्याच कानातील हाडांची भावंडे, असे समजून त्याने त्यांना तीच नावे दिली. तेथे तो चुकला. काम सारखे, पण घडण निराळी. मात्र रोहू, कटला, मागूर, शिंगी, टेंगरा या सर्वांत ही साखळी त्याच जागी व त्याच मणक्यांपासून बनलेली सापडते. खवल्यांचा रोहू आणि मिशांचा गुळगुळीत मागूर एका कुळातले, हे बाजारात कोणाला पटेल?

आता उलट उदाहरण पाहा. डोंगरातील वेगवान ओढ्यांत मासे दगडाला चिकटून राहतात. ‘गारा’ या माशाच्या हनुवटीखाली चकती असते. (आपल्या दख्खनमधील एका गाराचे ‘मुल्या’ हे नाव कर्नल साईक्स यांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात शास्त्रीय नावात रुजविले.) ‘ग्लिप्टोथोरॅक्स’ हा मिशाळ मासा छातीवरील कातडीच्या घड्यांनी चिकटतो, तर ‘बालिटोरा’ आपले आडवे पसरलेले पर पंख्यासारखे दगडावर टेकतो. तिघांचा उद्योग एक, पण अवयव तीन निराळे. हा सारखेपणा प्रवाहाने शिकविलेला आहे, रक्ताने दिलेला नव्हे. आपली मुले येथे बंगाल्यांसारखी ‘श’ उच्चारू लागली, तसाच.

ही गोष्ट वादाची झाली ती डॉ. सुंदरलाल होरा यांच्यामुळे. येथील प्राणिसर्वेक्षण विभागाचे ते १९४७ पासून १९५५ मध्ये निधन होईपर्यंत संचालक होते. पूर्व हिमालयातील ओढ्यांत आढळणाऱ्या माशांचे आप्त मधला विस्तीर्ण प्रदेश सोडून थेट सह्याद्रीत कसे, हा त्यांचा प्रश्न. ते सातपुड्याच्या डोंगररांगांवरून पश्चिमेकडे सरकत गेले, हे त्यांचे उत्तर. १९४९ साली त्यावर परिसंवादही झाला. कल्पना भव्य होती आणि आम्हां मराठी माणसांना सातपुड्याचे नाव ऐकून सुखावणारीही. परंतु तिचा पाया हे मासे खरोखर जवळचे आप्त असण्यावर होता. केवळ चिकटण्याची सोय दोन्हीकडे स्वतंत्रपणे उपजली असेल, तर प्रवासाची गरजच उरत नाही. अलीकडे जनुकीय तपासणीने काही गटांच्या बाबतीत तो मार्ग संशयास्पद ठरविला आहे. माझ्या मते यात होरांना कमीपणा नाही. प्रश्न त्यांनीच नेमका मांडला होता.

मग विश्वास कशावर ठेवावा? जर्मन कीटकशास्त्रज्ञ हेनिग यांनी १९५० साली कसोटी दिली: फार जुना वारसा नात्याचा पुरावा होत नाही, कारण पाठीचा कणा सर्वच माशांना असतो, पूर्वजात नव्याने उपजलेले व वंशजांनी मिळून जपलेले लक्षण तेवढे मोजावे. शिवाय एकाच लक्षणावर निकाल देऊ नये. विल्यम व सारा फिंक यांनी १९८१ साली या कुळाची शंभरावर लक्षणे तपासली आणि दक्षिण अमेरिकेतील विद्युत्-मासे मिशाळ माशांचे निकटचे आप्त ठरविले. त्याआधी त्यांना दुसऱ्याच घराण्यात बसविले जात असे.

रोहूची ती हाडे मी या काड्यापेटीत आणली आहेत. सर्वांत मोठे हाड तीन टोकांचे आहे. ते हवेच्या पिशवीला टेकलेले असते. भाषणानंतर टेबलापाशी यावे. भिंग मात्र एकच आहे, आणि मुलांना आधी पाहू द्यावे.