हिसका आणि हिशेब



मराठीत ‘हिसका’ हा शब्द बहुधा कौतुकानेच उच्चारला जातो. कुणी कुणाला हिसका दाखवला म्हटले की ऐकणाऱ्याला आतून बरे वाटते. रुतलेल्या गाडीभोवती जमलेल्या घोळक्याची भावनाही तीच असते. बेताबेताने ओढत बसण्यात त्याला काही मर्दुमकी दिसत नाही. एक सणसणीत हिसका द्यावा आणि गाडी बाहेर काढावी, असे त्याला वाटते. ओमानमधल्या सोहारच्या या औद्योगिक वसाहतीत आज अभियंते, सुरक्षा अधिकारी, फोरमन आणि यंत्रचालक एकत्र बसले आहेत. या सभेपुढे मला त्या हिसक्याविरुद्ध बोलायचे आहे. रुतलेले वाहन किंवा यंत्र ओढून काढणे हे वजन उचलण्याइतकेच जोखमीचे काम आहे, आणि क्रेन लावताना आपण जो हिशेब मांडतो तोच ओढतानाही मांडला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. आज तसे होत नाही, कारण उचलण्याला आपण काम समजतो आणि ओढण्याला मदत.

हा फरक किती खोल रुजला आहे, ते कोणत्याही आवारात दिसेल. क्रेनने तीन टनांचा पंप उचलायचा असला तरी लिफ्टिंग प्लॅन तयार होतो, परमिट निघते, शॅकलवरचा शिक्का तपासला जातो, रिगर इशारे देतो, भोवती पट्टी बांधली जाते. त्याच आवाराच्या कडेला खडीने भरलेला चाळीस टनी टिपर रुतला की यातले काहीच लागत नाही. जवळून जाणारा लोडर, म्हणजे इथल्या बोलीतला शेवल, थांबवला जातो. कुणाच्या तरी केबिनमागून गंज चढलेली वायर निघते. शॅकल सापडला नाही तर बोल्ट खुपसला जातो, आणि दहा माणसे वायरीच्या दोन्ही अंगांना उभी राहतात. याचा दोष केवळ त्या माणसांचा नाही. नियमांची नजरच वर लागलेली आहे. भारतातल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २९ व्या कलमाने साखळ्या, दोर, हुक, शॅकल यांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी सक्तीची केली. पण ही सामग्री माणसे वा वजने वर-खाली करण्यासाठी वापरली जाते तेव्हापुरतीच ती सक्ती होती. ब्रिटनच्या १९९८ च्या नियमांतही उचलण्याच्या कामाची व्याख्या वजन वर घेणे किंवा खाली सोडणे अशीच आहे. आडवी ओढ दोन्हीकडे चौकटीबाहेर राहिली. ओमानच्या २००८ च्या २८६ क्रमांकाच्या मंत्रालयीन निर्णयाने कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर टाकली आहे आणि त्या छत्रीखाली हे काम नक्कीच येते. मात्र छत्री असणे वेगळे आणि तिच्याखाली उभे राहणे वेगळे.

आता जमिनीकडे वळतो, कारण सोहारमध्ये हा प्रश्न जमिनीपासूनच सुरू होतो. बातिना हा हजर पर्वत आणि समुद्र यांमधला सपाट पट्टा. डोंगरातून उतरणाऱ्या वादींनी आणलेला गाळ-गोटा त्यावर पसरलेला आहे. (मराठी कानाला ‘वादी’ म्हटले की कोर्टातला माणूस आठवतो किंवा चामड्याची पट्टी, इथली वादी म्हणजे एरवी कोरडी असलेली, पावसात उठणारी नदी.) किनाऱ्याजवळच्या सखल भागात सब्खा आढळते. वर मिठाची कडक पापडी आणि हातभर खाली खाऱ्या पाण्याने भिजलेला बारीक गाळ, अशी ही जमीन. माणूस चालला तर पापडी टिकते, पिकअप वेगाने गेली तरी टिकते, आणि भरलेला टिपर वळण घ्यायला थांबला की फुटते. वसाहत १९९२ ची. पुढे रॉटरडॅम बंदराच्या भागीदारीत सोहार बंदर उभे राहिले. पोलाद, ॲल्युमिनियम, तेलशुद्धीकरण, लोहखनिजाच्या गोळ्या असे अवजड उद्योग आले आणि अवजड वाहनांची ये-जा वाढली. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी शाहीन चक्रीवादळ याच बातिना किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रस्ते, वाड्या आणि वाहने चिखलाखाली गेली. अशा वेळी रुतलेली गाडी हा अपवाद राहत नाही, तो रोजचा धंदा होतो. खारी हवा आणखी एक काम गुपचूप करते. ती वायररोपला आतून खाते. बाहेरून ग्रीस चोपडलेली, धडधाकट दिसणारी वायर गाभ्यात कुजलेली असू शकते.

रुतलेल्या वाहनाला किती जोर लागतो, याचा अंदाज आपण नेहमी कमी करतो, कारण डोळ्यांसमोर डांबरी रस्त्यावर ढकललेली बंद गाडी असते. लष्करी पुनर्प्राप्तीच्या कामात एक ढोबळ पण उपयोगी अंदाज वापरतात. चाके बुडेपर्यंत रुतले तर प्रतिकार वाहनाच्या वजनाएवढा, मडगार्डपर्यंत रुतले तर दुप्पट, केबिनपर्यंत गेले तर तिप्पट. म्हणजे आपल्या चाळीस टनी टिपरची चाके गेली तर चाळीस टनांची ओढ लागणार आणि मडगार्ड टेकले तर ऐंशी टनांची. आता हातातली वायर पाहा. वीस मिलिमीटर जाडीची चांगली नवी वायररोप सुमारे पंचवीस टनांना तुटते. पाचपट सुरक्षा धरली, तर तिच्यावर पाच टनांहून अधिक भार टाकू नये. चाळीस हवेत आणि पाच आहेत. कितीही जोर लावला तरी ही दरी भरत नाही. प्रतिकार खाली आणल्यावरच ती भरते. खडी उतरवली की टिपर पंधरा टनांच्या आसपास येतो. चाकांपुढे उतार खणला, गाळात हवा शिरू दिली, फळ्या घातल्या, टायरमधली हवा निर्मात्याच्या मर्यादेत कमी केली, की तो पंधराचा आकडाही घसरतो. चिखल चाकाला नुसता अडवत नाही, तो चोखून धरतो. ही चोखण फोडायला हिसक्यापेक्षा फावडे जास्त कामाचे. मग कप्पी, म्हणजे स्नॅच ब्लॉक, लावून उरलेला भार दोन पदरांवर वाटता येतो. अर्थात तेव्हा कप्पीच्या शॅकलवर दोन्ही पदरांचा ताण येतो. गणिताचा हा भाग विसरला तर कप्पी स्वतःच गोफण बनते.

आणि आता प्रत्यक्ष हिसका. वीस टनांचा लोडर सैल वायर घेऊन ताशी पाच किलोमीटरने, माणसाच्या चालीने, पुढे निघाला असे समजा. त्याच्याजवळ एकोणीस हजार ज्यूलच्या आसपास गतिज ऊर्जा असते. वायर ताणली जाऊन वीस सेंटिमीटरमध्ये त्याला थांबवत असेल, तर शेवटच्या क्षणी तिच्यावर येणारा जोर वीस टनांच्या जवळ जातो. इंजिनाची ओढ यात धरलेलीच नाही. ज्या वायरीवर पाच टन टाकायचे तिच्यावर चालीच्या वेगाने आपण वीस टाकले, आणि चालक प्रामाणिकपणे सांगेल की गाडी हळूच होती. काहीतरी तुटले, की ही साठलेली ऊर्जा जाते कुठे? तिचा दहावा हिस्सा जरी दोन किलोच्या शॅकलला मिळाला, तरी तो ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने सुटतो. लोखंडच असायला हवे असेही नाही. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी तैपेई शहरात सोळाशेहून अधिक माणसे रस्सीखेच खेळत होती. दोर तुटला, उलटला आणि दोघांचे डावे हात तोडून गेला. शल्यविशारदांनी ते पुन्हा जोडले. तिथे यंत्र नव्हते, चिखल नव्हता. निव्वळ माणसांच्या हातांनी दोरात भरलेली ऊर्जा होती.

यावर पहिला आक्षेप जाणकारांकडूनच येतो. ताणल्या जाणाऱ्या नायलॉनच्या बेल्टचा जमाना आला आहे, तो झटक्यासाठीच बनवलेला असतो, मग हिसक्याला नावे का ठेवायची? आक्षेपात तथ्य आहे. तोच लोडर तोच बेल्ट दोन मीटर ताणून थांबला तर शिखरावरचा जोर वीसवरून दोन टनांवर येतो. पण ऊर्जा तेवढीच राहते, आणि ती आता दोन मीटर ताणलेल्या रबरासारखी वाट पाहत असते. बेल्ट तुटण्याचा धोका कमी झाला. ज्याला तो अडकवला आहे ते उखडण्याचा धोका तिथेच आहे. ऑस्ट्रेलियात हौशी चालकांनी टोइंगच्या बॉलला बेल्ट अडकवला, बॉल उखडून केबिनमध्ये शिरला आणि माणसे मेली. ट्रकच्या पुढच्या बंपरमधला डोळा रस्त्यावर बंद पडलेली गाडी ओढण्यासाठी असतो, चिखलातून उपटण्यासाठी नसतो. शिवाय नायलॉनला इथले ऊन मानवत नाही. डॅशबोर्डखाली किंवा उघड्या हौद्यात दोन उन्हाळे काढलेला बेल्ट रंगाने फिका आणि ताकदीनेही फिका असतो. आणि हलक्या जीपसाठीचा बेल्ट टिपरला लावणे म्हणजे मुळातच आकड्यांचे भांडण. साधन बदलल्याने हिशेबातून सुटका होत नाही, हिशेबाची कलमे बदलतात.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. आमचे चालक वीस वर्षे वाळूत गाड्या काढताहेत, त्यांना कागद काय शिकवणार? त्यांच्या कसबाबद्दल मला आदर आहे. जमीन वाचणे, क्लच सांभाळणे, गाडीचा कल ओळखणे हे कागदावरून येत नाही. पण अनुभव अनेकदा परत येणाऱ्या गोष्टींविषयी शिकवतो. वायर शंभरदा तुटली नाही, एवढेच त्या शंभर वेळांनी सिद्ध केले. ती तुटण्याच्या किती जवळ गेली होती, ते हाताला कळत नाही. क्रेनमध्ये भार दाखवणारा काटा असतो, ओढणाऱ्या लोडरमध्ये नसतो. त्यामुळे यशस्वी झालेली प्रत्येक बेहिशेबी ओढ पुढच्या ओढीसाठी चुकीचा पुरावा तयार करते. अनुभवी माणसाला दूर सारावे असे मी म्हणत नाही. उलट, ओढ थांबवण्याचा अधिकार त्याच्याच हाती असावा, आणि तो अधिकार लेखी असावा. कारण इथल्या आवारात मालकाला घाई असते, फोरमनला मालकाची भीती असते आणि हेल्परला दोघांची.

अधिकाराइतकाच भाषेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. एका रुतलेल्या गाडीभोवती मराठी, मल्याळम, बंगाली, उर्दू आणि अरबी बोलणारी माणसे सहज जमतात, आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत ‘थांब’ ओरडतो. ‘बस’ या शब्दाचा अर्थ एकाला ‘पुरे’ वाटतो, दुसऱ्याला ‘बसून घे’. इंजिनाच्या आवाजात तोंडाचा शब्द निरुपयोगीच असतो. म्हणून इशारा देणारा एकच हवा आणि तो हाताने द्यायला हवा. अपवाद फक्त थांबण्याच्या इशाऱ्याचा; तो कुणीही द्यावा आणि चालकाने कुणाचाही मानावा. बाकीच्यांनी ताणलेल्या दोराच्या लांबीच्या निदान दीडपट दूर जावे. कप्पी वापरली असेल तर दोराच्या दोन पदरांमधल्या कोनात कुणीही, क्षणभरही, उभे राहू नये. कप्पी सुटली तर ती तिथूनच जाते. वायरीवर टाकलेली वाळूची पिशवी किंवा जाड गोणपाट उलटणाऱ्या टोकाचा जोर कमी करते, पण त्यामुळे जवळ उभे राहायची मुभा मिळत नाही.

राहिला वेळेचा आक्षेप, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. रस्ता अडला आहे, बंदरात जहाज वाट पाहते आहे, दर तासाचे पैसे लागताहेत. उतरवा, खणा, फळ्या घाला हे सारे कधी करायचे? इथे सुएझचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २३ मार्च २०२१ रोजी एव्हर गिव्हन हे चारशे मीटर लांबीचे जहाज कालव्याच्या काठात घुसले आणि जगाचा व्यापार तुंबला. तेव्हाच्या घाईपुढे आपली घाई काहीच नाही. तरीही डच कंपनी स्मितचे बचाव तज्ज्ञ आणि कालव्याचे कर्मचारी यांनी टगबोटींच्या जोरावरच सारे सोडले नाही. ड्रेजरने तीस हजार घनमीटरच्या आसपास वाळू-गाळ उपसला, मोठ्या भरतीची वाट पाहिली, आणि सहा दिवसांनी, २९ मार्चला, टगबोटींनी जहाज हलवले. आधी उपसा, मग ओढ. आपल्या टिपरला सहा दिवस लागणार नाहीत. पोकलेनने खडी उपसायला आणि उतार खणायला दोन-तीन तास पुरतात, आणि तुटलेल्या ॲक्सलने जाणारा आठवडा त्यातून वाचतो. जीव गेल्यावर काम किती दिवस बंद राहते, हे मालकांनीच मोजावे.

म्हणून या सभेपुढे माझी मागणी लहान आहे. ओढण्याच्या कामासाठी वसाहतीतल्या प्रत्येक आवारात एक पानी परमिट असावे. वाहनाचे वजन, रुतण्याची खोली, अंदाजे प्रतिकार, वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक साधनावर छापलेली क्षमता आणि इशारा देणाऱ्याचे नाव, एवढेच त्यात लिहायचे. शिक्का नसलेला शॅकल आणि क्षमता न लिहिलेला बेल्ट केबिनमधून काढून भंगारात टाकावा. हे पान मराठीतही असावे, कारण जो वायर अडकवतो त्याला ते वाचता आले पाहिजे. आणि जून ते ऑगस्ट या महिन्यांत साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करण्यास या देशात बंदी आहे, हे त्या पानावर ठळक छापावे. साडेअकराला टिपर रुतला की साडेबाराच्या आत तो काढायचाच, या झटापटीत हिसक्याचा मोह सर्वांत जास्त होतो. खडी उतरवून, भोवती पट्टी बांधून तो तसाच सोडावा. साडेतीनला माणसे परत येतात तेव्हा टिपर तिथेच असतो.