वकिलीचा पहिला अर्ज



बक्षीस वितरण व्हायचं आहे, मागे नाचाची मंडळी तयार होऊन उभी आहेत. म्हणून एकाच विषयावर बोलतो. तुमच्यापैकी ज्यांना वकील व्हायचंय, त्यांनी प्रवेशाची तयारी कशी करावी, एवढंच.

आपल्या महागावच्या भागात वकिली काही परकी नाही. शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक बंजारा तांड्यातून निघाले, नागपूरला मॉरिस कॉलेजात शिकले, १९४० मध्ये एलएल.बी. झाले आणि पुसदला वकिली करू लागले. मुख्यमंत्री ते त्यानंतर झाले. वणीचे बापूजी अणे यवतमाळला वकिली करायचे. १९३० च्या जुलैत त्यांनी पुसदच्या रानात गवत कापून जंगलाचा कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. कोणता कायदा मोडतोय आणि त्याची शिक्षा काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या सत्याग्रहाचं बळ मला त्यात दिसतं.

आता तुमचं. बारावीनंतर, कोणतीही शाखा असो, पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींसाठी राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा द्यावी लागते. पेपर मराठीतही असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं असेल तर क्लॅट. ती इंग्रजीतच असते, डिसेंबरात होते आणि तिथं चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. आपल्या गावावरून जाणारा महामार्ग जिथं संपतो, त्या बुटीबोरीजवळ वारंग्याला असं एक विद्यापीठ आहे. ते आपल्यासाठी नाही, असं कोणीही मनात आणू नका. अमरावतीला महापालिकेच्या शाळेत शिकलेले भूषण गवई १४ मे २०२५ रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले.

अभ्यासाबद्दल सगळे सांगतात. कागदांबद्दल कोणी सांगत नाही, आणि आपली मुलं अडतात ती तिथंच. परदेशातल्या लॉ स्कूलला मुलं स्वतःवर निबंध लिहून पाठवतात. आपल्याकडे तुमच्याबद्दल बोलते ती फाईल. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, उत्पन्न. यातलं वैधता प्रमाणपत्र सगळ्यात जास्त वेळ खातं.

त्यासाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. हा पुरावा गावातच असतो, पण शोधावा लागतो. आजोबा ज्या जिल्हा परिषद शाळेत बसले, तिथलं दाखल-खारीज रजिस्टर. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही. मग लक्षात येतं की रजिस्टरात नाव ‘रामा’, सातबाऱ्यावर ‘रामजी’ आणि आधारवर ‘रामराव’. तीन नावं, माणूस एक. ते सिद्ध करायला वंशावळीचं शपथपत्र करावं लागतं, त्यात आजोबा, त्यांचे भाऊ, त्यांची मुलं, सगळ्यांची नावं एकमेकांशी जुळावी लागतात. पोरांनो, हेच वकिलाचं काम आहे. पुरावा शोधायचा, विसंगती ओळखायची, ती मुदतीत दूर करायची. तुमच्या आयुष्यातलं पहिलं प्रकरण तुमचं स्वतःचंच आहे.

म्हणून माझं एक सांगणं ऐका. अर्ज सेतूवाल्या भाऊंवर किंवा नेट कॅफेवर सोडून चहा प्यायला जाऊ नका. ते टाइप करतील, त्याला हरकत नाही. पण बाजूला तुम्ही बसा. माहितीपुस्तिका आधी स्वतः वाचा. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर जुळवून टाका. प्रवर्गाचा रकाना दोनदा तपासा. मोबाइल नंबर स्वतःचा किंवा घरातला द्या, दुकानदाराचा नको. पुढचे सगळे निरोप त्यावरच येतात. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा तुमच्या प्रवेशाच्या वर्षाला ते चालतंय का, ते बघून घ्या.

आया-बहिणींसाठी एक खास गोष्ट. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ज्या घरांचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, तिथल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. फीच्या भीतीने मुलीचं नाव घरात कापू नका, बापहो. आधी ही कागदं बघा.

ज्यांना न्यायाधीश व्हायचंय, त्यांनी हेही लक्षात ठेवावं: २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिल्या पायरीच्या न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांची वकिली आवश्यक झाली आहे. म्हणजे पदवी घेतली की लगेच परीक्षा, असा हिशेब आता चालणार नाही. घरच्यांना हे आजच सांगून ठेवा.

आणि वाचा. रोजचा अग्रलेख वाचा, त्यात लेखकाचं म्हणणं काय आणि त्याला आधार काय, हे दोन ओळींत लिहा. घरचा सातबारा आणि फेरफार वाचा. महागावच्या न्यायालयात जाऊन मागे बसा. फौजदारी खटला चालतो ती जागा सहसा सर्वांना खुली असते, हे कायद्यातच लिहिलंय.

शेवटी प्राचार्यांना एक जाहीर विनंती. विज्ञान शाखेच्या मुलांचे वैधतेचे प्रस्ताव वेळेत जातात, कारण त्यांना इंजिनिअरिंग-मेडिकलला जायचं असतं. कला शाखेच्या मुलांचेही यावर्षीपासून अकरावीतच पाठवा, सर. महाविद्यालयाच्या सही-शिक्क्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत. त्यासाठी एखादा शनिवार ठरवा. वंशावळी आणि शपथपत्रं तपासायला मी स्वतः येऊन बसतो.