पाठीमागचा बाजार



संमेलनासाठी तुम्ही पाठवलेले जुने फोटो लावायचं काम माझ्याकडे आलं. आपल्या मोहर्लीच्या रस्त्याचे दोनच निघाले. आज तिथे ताडोब्याच्या जिप्सी उभ्या असतात. बाकी सगळे चांद्याच्या बाजाराचे. 1964 साली चंद्रपूर झालं, पण आपल्या तोंडी चांदाच. जूनमध्ये एसटीने जायचं, जटपुरा गेटातून आत शिरायचं, गोल बाजारात गणवेशाचं कापड आणि वह्या घ्यायच्या.

त्यातला एक फोटो मी दोन दिवस खिशातच ठेवला होता. आपण सातजण गेटाजवळ उभे आहोत. मागे कापड दुकानाचा ओटा, ओट्यावर शिलाई मशीन, मशीनवर वाकलेला माणूस. तो माझा बाप.

वर्गात विचारलं तेव्हा मी "चांद्यात आमचं दुकान आहे" असं ठोकून दिलं होतं. दुकान शेठचं, आमची फक्त मशीन. त्या दिवशी फोटो निघाल्याबरोबर मी तुम्हाला घाईघाईने पुढे नेलं. बाबांनी बघितलं असणार. हाक मारली नाही. फोटोवाल्याला गेट हवं होतं, बाबा चुकून आले. मशीनवर बसलेले बाबा मला दुसऱ्या कुठल्याच फोटोत सापडले नाहीत.

तुमच्याही फोटोत मागे कोणी असेल. ओळखणारे इथे बसले आहेत तोवर फोटोच्या पाठीवर नावं लिहून घ्या. पेन्सिलीनेच; शाई पुढे उमटते.

बाबांचं मी लिहिलंय. बाहेरच्या टेबलावर, डावीकडून तिसरा.