क्रिकेटपटू बाळू पालवणकर आणि आपण



आपल्या जालना जिल्ह्यात गावोगावी मुले क्रिकेट खेळतात. त्यांतील किती जणांना बाळू पालवणकर हे नाव ठाऊक आहे?

चर्मकार समाजातील हा तरुण पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर दरमहा चार रुपयांवर मैदानाची निगा राखीत असे. सरावात साहेबांना चेंडू टाकता टाकता तो अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. मग पुण्यातील हिंदू क्लबाने त्याला संघात घेतले. पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला जाऊन बाळूंनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

कोणी म्हणेल, १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून पराभूत झालेल्या माणसाचे नाव येथे कशाला? माझे म्हणणे असे, की त्यांचे राजकारण आपले नव्हे. परंतु त्यांच्या जीवनातून बाबासाहेबांचेच म्हणणे सिद्ध होते. गुणवत्ता सिद्ध झाली होती. अधिकार मात्र दुसऱ्यांच्या हाती होता.

विद्यार्थी मित्रांनो, गुण जरूर मिळवा. पण हक्काची आणि संघटनेची जोड नसेल तर गुणवंतालाही चहा बाहेरच मिळतो, हे विसरू नका.

जय भीम!